माळवदावरचं कपाट

तातेराव उगले वकिलांनी अकरा वर्षांच्या वकिलीत सरकारविरुद्ध एकच दावा जिंकला, आणि जिंकला त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. हरलेल्या दाव्यांनी त्यांना कधी असा ताप दिला नव्हता. हरलं की पक्षकार शिव्या देत घरी जातो, वकील चहा पिऊन घरी जातो आणि प्रकरण संपतं. जिंकल्यावर एवढा व्याप असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

गोष्ट शहाऐंशी सालची. जालना वेगळा जिल्हा होऊन पाचच वर्षं झाली होती. तालुक्याचं नाव सांगत नाही. तिथली काही मंडळी आता निवृत्त होऊन सुखाचे दोन घास खात आहेत, त्यात आपण कशाला माती कालवा. वाटूर फाट्यावर उभं राहिलं की जे रस्ते फुटतात त्यांतल्या एका रस्त्याला तो तालुका लागतो, एवढं पुरे.

पक्षकाराचं नाव कडूबा. उसानं भरलेली गाडी उलटली तेव्हा तिच्याखाली सापडून त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला होता. सरकारची तेव्हा निराधारांना महिना साठ रुपये द्यायची योजना होती. कडूबानं अर्ज केला, आणि 'समक्ष हजर व्हावे' असा कागद आला. आता अपंगांचे अर्ज ज्या टेबलावर घेत, ते टेबल होतं कचेरीच्या माडीवर. का, ते विचारायचं नाही. कडूबा काखेत कुबडी धरून, कठड्याला लोंबकळत बावीस पायऱ्या चढून गेला. अव्वल कारकून अप्पारावांनी त्याला घामानं निथळताना पाहिलं आणि अर्जावर शेरा मारला: 'अर्जदार स्वतः जिना चढून आला, सबब अपंग नाही.' ज्यांना चढता आलं नाही त्यांच्या अर्जांवर शेरा होता: 'अर्जदार गैरहजर, सबब अर्ज निकाली.' अशा रीतीनं त्या वर्षी तालुक्यात एकही अपंग शिल्लक राहिला नाही, आणि अप्पारावांना वरून शाबासकीचं पत्र आलं.

तातेराव तसे थंड डोक्याचे. कोट विटून हिरवट झाला तरी शिंप्याशी कधी भांडले नाहीत. पण तो शेरा वाचला आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली.

"कडूबा, तू एक पैसा देऊ नको," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "दावा मी लढतो. माझी फीसुद्धा मी सरकारकडूनच वसूल करतो."

रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. समोरच्यानं ते मनावर घ्यायचं नसतं. कडूबानं घेतलं. तो कुबडी टेकत बाहेर गेला, कोर्टाच्या आवारातल्या बेलाचं एक पान तोडून आणलं, चंचीतला खंडोबाचा भंडारा त्यावर टाकला आणि पान तळहातावर धरून उभा राहिला.

"मंग माझं बी ऐका, वकीलसाहेब. तुमची फी सरकारकून तुमच्या हातात पडल्याबिगर मी पेन्शनीच्या पैशाला शिवणार न्हाई. त्या पैशाचा चहासुदिक घेणार न्हाई."

आपल्याकडे बेलभंडारा उचलला की विषय मिटला. कोर्टातली शपथ माणूस जेवायच्या सुट्टीपर्यंत विसरतो. ही शपथ नातवंडांपर्यंत जाते. तातेरावांना त्या क्षणी फार भरून आलं. पुढं काय वाढून ठेवलंय याची त्यांना काय कल्पना!

दावा चालला. न्यायाधीशांनी अप्पारावांचा शेरा दोनदा वाचला, हसले, हसल्याबद्दल कडूबाची माफी मागितली आणि हुकूमनामा दिला: पेन्शन सुरू करावी, आणि वकील फीसह दाव्याचा खर्च दोनशे पंचाहत्तर रुपये सरकारनं द्यावा. पेन्शन मुकाट मंजूर झाली. फीसाठी मात्र तातेराव कचेरीची माडी चढून गेले तेव्हा अप्पारावांनी पान लावता लावता मान हलवली.

"हेड न्हाई, वकीलसाहेब."

"म्हणजे?"

"म्हंजे पैसा कोणत्या खात्यातून टाकायचा त्याचं हेड. पेन्शनीचं हेड हाय. खडूचं हाय. उंदराच्या गोळ्यांचं हाय. वकिलाच्या फीचं न्हाई."

"कोर्टाचा हुकूम आहे!"

"हुकूम बराबर हाय. हेड न्हाई," असं म्हणून अप्पारावांनी पान तोंडात टाकलं. त्यानंतर त्यांना बोलता येत नसे.

सरकारवर वसुली लावायची तर हुकूमनाम्यानंतर तीन महिने थांबावं लागतं. तातेराव थांबले. कडूबा मात्र थांबला नाही, म्हणजे त्याची शपथ थांबली नाही. दिवाळीच्या तोंडावर पहिली मनीऑर्डर आली. पोस्टमन मच्छिंद्र सायकल दामटत चार कोस गेला, साठ रुपये मोजून पुढं केले, आणि कडूबानं दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"परत न्या."

कडूबाची बायको साळूबाई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातानं तशीच उठली. "परत? मी दिसभर दुसऱ्याच्या रानात वाकून राह्यले, तेलाची बाटली आठ दिसांपासून पालथी हाय, आन तुमी सरकारचा पैसा परत करून राह्यले? त्यो भंडारा कालवून खायचा का आता?"

"खंडोबाम्होरं बोललोय."

"खंडोबाला दोन बायका व्हत्या. त्याला घर चालवायचं म्हाईत हाय. तुमाला न्हाई!"

मच्छिंद्र पोस्टमन बिचारा भला माणूस. तो सरळ तातेरावांच्या घरी आला आणि खरी मेख सांगून गेला. मनीऑर्डर तीनदा परत गेली की कचेरीत लिहितात, लाभार्थी मयत अथवा परागंदा, आणि नाव कायमचं कापतात. मग पुन्हा अर्ज, पुन्हा माडी, पुन्हा बावीस पायऱ्या.

तातेरावांनी अर्धं ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी एसटीनं फाटा, फाट्यावरून पायी असं करत ते कडूबाच्या घरी पोचले.

"कडूबा, मी फी सोडली. माफ. मला नको."

"तुमी सोडली. खंडोबानं कुटं सोडली?"

मग तातेरावांनी बायकोनं डब्यात जपून ठेवलेले दोनशे पंचाहत्तर रुपये खिशातून काढले आणि म्हणाले, "हे बघ, आली फी. सरकारनं दिली."

कडूबानं नोटांकडं पाहिलंच नाही. तो तातेरावांच्या कानांकडं पाहत होता. खोटं बोलताना तातेरावांचे कान लाल होत. वकिलीत मागं राहायचं एक कारण तेही होतं.

"सरकारचा पैसा हाय तर गोल शिक्क्याचा कागूद कुटंय?" कडूबा म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "वकीलसाहेब, पाय गेला त्या दिसापसून गाव मला बिचारा म्हनतंय. च्या पाजतंय, बिडी देतंय, समदं बिचारा म्हनून. तुमी एकले मानूस माझ्याकून भांडले. तुमाला बी मी फुकटात खाल्लं तर मंग मी खरंच बिचारा झालो का न्हाई?"

 तातेरावांनी पैसे खिशात घातले, आणि साळूबाईनं दिलेला गुळाचा काळा चहा पिऊन परत आले. येताना वाटेत त्यांनी ठरवलं की आता जप्ती.

नोव्हेंबरात दुसरी मनीऑर्डर परत गेली, आणि त्याच आठवड्यात कोर्टाचं जप्तीचं वॉरंट निघालं. वॉरंट बजावायला बेलीफ चांदपाशा निघाला. चांदपाशानं तीस वर्षं लोकांच्या घरातली खाटली-भांडी जप्त केली होती. सरकारचं काही जप्त करायची त्याची ही पहिलीच वेळ, म्हणून त्यानं दाढी कोरली, अत्तर लावलं आणि इस्त्रीचा खाकी कोट चढवला. जप्तीचा माल न्यायला साळूबाईनं शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणली होती आणि ती स्वतःच हाकत होती.

आता अप्पारावांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं. जिन्यावर काळा कोट दिसला की अप्पाराव टेबलावरचा गोल शिक्का आणि चेकबुक उचलून मागच्या सागवानी कपाटात टाकत, कुलूप लावत आणि मग हात जोडून म्हणत, "शिक्का जाग्यावर न्हाई, उद्या या." पंधरा वर्षांत हाताला इतकी सवय झाली होती की डोक्याला कळायच्या आत हात काम उरकून मोकळा होई. त्या दिवशीही जिन्यावर तातेरावांचा कोट दिसला आणि हातानं आपलं काम केलं.

"कोर्टाचा हुकूम है," चांदपाशा माडीवर येऊन मोठ्यानं म्हणाला. "तहसीलदार साहेबांची खुर्ची उचला."

सगळी कचेरी गोळा झाली. खुर्ची गेली तर साहेब बसतील कशावर, आणि उभे राहिलेले साहेब आपल्याला काय काय विचारतील, या विचारानं अप्पारावांना घाम फुटला.

"खुर्ची नका नेऊ, पाशाभाई," ते काकुळतीला आले. "दुसरं काहीबी न्या."

"त्ये कपाट," कडूबा जिन्याच्या तोंडाशी धापा टाकत म्हणाला. तोही पायऱ्या चढून आला होता. "त्यातूनच माझी फाईल काढून मह्या अंगावर टाकल्ती. मला त्येच पायजे."

"न्या न्या, बिलकुल न्या!" अप्पाराव खुश झाले. "उंदरानं खाल्लेले रजिस्टर हायत त्यात. मला तेवढीच जागा व्हईल."

चांदपाशानं कुलपावर लाख वितळवून कोर्टाची मोहोर उठवली, पंचनामा केला, आठ माणसं लावून कपाट खाली आणलं आणि गाडीत चढवलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. पुढं साळूबाई बैल हाकतेय, मागं सरकारी कपाटाला टेकून कडूबा बसलाय, आणि चांदपाशा शेजारून चालत येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करतोय, अशी वरात भर बाजारातून निघाली. कोणीतरी गुलालही टाकला.

जप्तीचा माल सांभाळणाऱ्या कोर्टातल्या नाझराची खोली आधीच विहिरीवरच्या मोटारी, पाळणे आणि शिलाई यंत्रांनी भरलेली. म्हणून कपाट कडूबाच्याच ताब्यात द्यायचं ठरलं. पण ते त्याच्या घराच्या दारातून आत जाईना. उभं जाईना, आडवं जाईना. अंगणात ठेवावं तर वाळवी लागेल, आणि कपाटाला काही झालं तर जबाबदारी कडूबाची. शेवटी गावातली पोरं जमली, विहिरीचा नाडा आणला, आणि कपाट ओढून घराच्या सपाट छतावर, माळवदावर, चढवलं. धाब्याच्या मातीच्या घरावर ते सागवानी कपाट असं उभं राहिलं की चार शेतांवरून दिसे. वर जायला एक चौदा पावंड्यांची बांबूची शिडी होती, बस्स.

इकडं साहेबांना बाजारातली वरात कळली आणि ते अप्पारावांवर इतके कडाडले की दुपारपर्यंत हेड सापडलं. 'इतर किरकोळ' म्हणून. साहेबांनी तातेरावांना बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"आत्ताच्या आत्ता चेक देतो. अप्पाराव, चेकबुक आणा. शिक्का आणा."

अप्पारावांनी टेबलाकडं पाहिलं. मग मागच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं कपाटाच्या आकाराचा एक स्वच्छ पांढरा चौकोन होता, आणि त्यात एक पाल बसली होती.

कपाट उघडायचं तर जप्ती उठायला हवी. जप्ती उठायची तर पैसे भरायला हवेत. पैसे भरायचे तर कपाट उघडायला हवं. साहेबांनी हे तीनदा उलटसुलट करून पाहिलं. त्यावर अंतरिम हुकूम मागावा तर न्यायाधीश रजेवर, आणि रजा संपते तोच नाताळची सुट्टी लागते. तालुक्यात दाखले थांबले, पगारबिलं थांबली. गोल शिक्क्याशिवाय कचेरीला चपराश्याच्या चहाचे पैसेसुद्धा देता येईनात. पण तातेरावांना त्यात कसली मजा वाटणार! ते पंचांगाकडं बघत होते. तिसरी मनीऑर्डर चार दिवसांवर आली होती.

मार्ग चांदपाशानं काढला. तंबाखू मळत तो म्हणाला, "वकीलसाब, कपाट हलवायला हुकूम पाहिजे. साहेबांना हलवायला हुकूम लागत न्हाई. त्यांनाच तिकडं नेऊ. वसुलीपुरती मोहोर काढायचा हक मला है, माझ्यासमोर चेक लिहा, वसूल झाले असं लिहून मी जप्ती उठवतो. खर्चा फक्त जीपच्या डिझेलचा."

त्याचंही हेड शोधण्यात तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी तातेराव सकाळपासूनच कडूबाच्या अंगणात येऊन बसले होते. मच्छिंद्र दोनला आला आणि साठ रुपये मांडीवर घेऊन ओट्यावर बसला. "पाचपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "मंग मला शेरा लिहावाच लागंल. तिसरा."  साळूबाई एकच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती. तीन वाजले, चार वाजले. तातेराव दर पाच मिनिटांनी रस्त्यावर जाऊन येत. आपण या माणसाला दावा जिंकून दिला की त्याच्या पोटावर पाय दिला, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

सव्वाचारला जीपचा धुरळा दिसला. साहेब उतरले, मागून अप्पाराव आणि चांदपाशा. त्यांनी शिडीकडं पाहिलं, आपल्या पोटाकडं पाहिलं आणि अप्पारावांकडं पाहिलं.

"किल्ली तुमच्याकडं आहे. चढा."

अप्पाराव चढले. आधी चांदपाशा सरसर वर गेला, मग अप्पाराव एकेका पावंडीवर देवाचं नाव घेत गेले. वर मोहोर निघाली, कुलूप उघडलं. अप्पारावांनी चेक लिहिला आणि साळूबाईच्या टोपलीत घालून दोरीनं खाली सोडला. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केली. टोपली शिक्क्यासाठी वर गेली. शिक्का बसला, टोपली खाली आली. चांदपाशाही खाली उतरला आणि चेक तातेरावांच्या तळहातावर ठेवला.

कडूबानं वाकून गोल शिक्का नीट न्याहाळला. "पडली का हातात?"

"पडली रे बाबा, पडली!" तातेराव जवळजवळ ओरडलेच. त्यांचे कान बिलकुल लाल नव्हते. "मच्छिंद्र, फॉर्म काढ! किती वाजले?"

"पाचाला सात कमी."

तेवढ्यात माळवदावरून आवाज आला. "अहो... मला खाली येता येईना!"

अप्पाराव माळवदाच्या कडेला चवड्यावर बसले होते. एक पाय शिडीकडं सोडत होते आणि वर घेत होते. खाली पाहिलं की डोळे मिटत होते. साहेब ओरडले, चांदपाशानं धीर दिला, पण माणूस जागचा हलेना. त्याचं अंग थरथरत होतं, आणि त्याबरोबर शिडीही थरथरत होती.

कडूबानं कुबडी भिंतीला लावली.

"आरं, आधी अंगठा उठव!" तातेराव त्याच्या आडवे झाले. "सात मिनिटं राहिलीत!"

"मानूस पडंल ना, वकीलसाहेब."

दोन हात आणि एक पाय, एवढ्यावर कडूबा शिडी चढला. चौदा पावंड्या. खालून तातेरावांना नुसता त्याचा घामानं भिजलेला सदरा दिसत होता. वर पोचून त्यानं अप्पारावांना पाठमोरं केलं आणि स्वतः एक पावंडी खाली राहून त्यांना आपल्या अंगाचा आधार दिला.

"खाली बघू नका. मह्यावर भार द्या. आता उजवा पाय सोडा. टेकला? आता डावा. मला डावा न्हाई, तुमाला हाय. टाका बिनघोर."

असे ते दोघं उतरले.  साळूबाईनं शिडीचा पाय दोन्ही हातांनी गच्च धरला होता. मच्छिंद्रानं एकदा मनगटाकडं पाहिलं, घड्याळ सोडलं आणि खिशात टाकलं. "बंद पडलं वाटतं," तो कोणालाच उद्देशून म्हणाला.

जमिनीला पाय लागताच अप्पाराव मटकन खाली बसले. चांदपाशा पंचनाम्याचा कागद घेऊन पुढं झाला. त्याला गप्प बसवेना.

"काय लिहू, वकीलसाब? 'अव्वल कारकून स्वतः शिडी चढून गेले, सबब...'"

तातेरावांना हसू आवरेना. साहेबसुद्धा तोंड फिरवून हसले. अप्पाराव हसले नाहीत. ते कडूबाकडं पाहत होते.

"तू त्या दिशी माडीवर आल्तास," ते हळूच म्हणाले. "मंग खाली कसा गेल्तास?"

"बसून," कडूबा म्हणाला. "एकेका पायरीवर बसून. लोक वरून खाली जात व्हते, त्यांना वाट देत देत."

तातेरावांचं हसू तिथंच थांबलं. हा प्रश्न त्यांनी कडूबाला आजवर कधी विचारला नव्हता. दाव्यातही नाही, घरीही नाही.

कडूबानं फॉर्मवर अंगठा उठवला. साठ रुपये हातात घेतले, कपाळाला लावले आणि साळूबाईला दिले. तिनं चुलीवर आधण ठेवलं आणि त्यातले पाच रुपये घेऊन स्वतःच दुकानाकडं पळाली. साखर आली, दूध आलं. त्या दिवशीचा चहा सगळ्यांना मिळाला; अप्पारावांना पहिला, कारण ते अजून जमिनीवरच बसून होते. कडूबानं बशीत ओतून पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले.

जप्ती उठली, पण कपाट उतरवायला हेड नव्हतं. ते माळवदावरच राहिलं. साळूबाई त्यात पापड ठेवू लागली. पुढच्या सोमवारी तातेराव कचेरीत गेले तर जिन्यावर वाट अडलेली. अप्पाराव एका बाजूनं आणि चपराशी दुसऱ्या बाजूनं धरून अपंगांच्या अर्जांचं टेबल खाली आणत होते. तातेरावांनी काखेतली फाईल कठड्यावर ठेवली आणि मधे हात लावला.